हौशी नावबांधणीचे आराखडे पूर्ण मापांसह छापावेत

मा. संपादक,
सादर नमस्कार.

घरच्या घरी लाकडी कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी, निमुळती होडी, बांधण्याविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून अधूनमधून लेख येतात. चकाकणारे वॉर्निश, संथ पाणी आणि समाधानी चेहरा असे छायाचित्र त्यासोबत असते. परंतु ज्याला खरोखर रंधा हातात घ्यायचा आहे त्याच्या उपयोगी पडेल असे त्या मजकुरात फारसे काही नसते. मी स्वतः हौसेने हे काम केले आहे आणि सुतारकामाचे रीतसर शिक्षण नसलेल्या माणसालाही ते जमते असा माझा अनुभव आहे. मात्र त्यासाठी प्रोत्साहनापेक्षा नेमकी मापे, कामाचा क्रम आणि धोक्यांची स्पष्ट कल्पना यांची गरज असते. हा मजकूर आपण सविस्तर छापावा, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

हौशी माणसाला झेपतील अशा दोन पद्धती आज रूढ आहेत. पहिलीत साधारण 6 मिलिमीटर जाड आणि 18 ते 20 मिलिमीटर रुंद अशा लाकडाच्या लांब पट्ट्या, उलट्या मांडलेल्या फर्म्यांवर, म्हणजे नावेच्या आडव्या छेदाच्या आकाराच्या तात्पुरत्या साच्यांवर, एकीला एक चिकटवत नेतात. कवच पूर्ण झाले की ते बाहेरून घासून त्यावर फायबरग्लासचे (काचतंतूंचे) कापड इपॉक्सीने, म्हणजे दोन द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या चिकट पदार्थाने, बसवतात आणि मग फर्म्यांवरून उचलून आतूनही तसेच करतात. दुसरीत प्लायवुडचे तक्ते आराखड्याबरहुकूम कापून, कडेला छिद्रे पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना टाचतात आणि आतल्या सांध्यांत इपॉक्सी व लाकडाची बारीक पूड यांचे घट्ट मिश्रण भरून वरून फायबरग्लासची पट्टी लावतात. दुसरी पद्धत लवकर होते. तिच्यात खरे कौशल्य लागते ते तक्त्यांच्या जोडाला, कारण प्लायवुडचा नेहमीचा तक्ता 8 फुटी असतो आणि नाव त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. 6 मिलिमीटरच्या प्लायवुडला जाडीच्या आठपट, म्हणजे सुमारे 48 मिलिमीटर लांबीचा उतार रंध्याने काढून दोन्ही उतार एकमेकांवर चिकटवले, तर जोडावरही तक्ता अखंड असल्यासारखा वाकतो.

पट्ट्यांच्या पद्धतीत नावेचा आकार पहिली पट्टी लागण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो, आणि लेखांतून हाच भाग सर्वांत कमी येतो. सरळ, न पिळवटणाऱ्या बैठकीवर मध्यरेषेची दोरी ताणून सुमारे 30 सेंटिमीटरच्या अंतराने फर्मे उभे करायचे असतात. प्रत्येक फर्म्याची मध्यरेषा दोरीखाली आली पाहिजे, तो मध्यरेषेशी गुण्यात (काटकोनात) असला पाहिजे आणि ओळंब्याला उतरला पाहिजे. एवढ्यानेही भागत नाही. फर्म्याची जाडी आखलेल्या रेषेच्या कोणत्या बाजूला राहील हेही पाहावे लागते. ती नावेच्या मध्याकडे ठेवावी, कारण टोकांकडे नाव निमुळती होत जाते आणि पट्टी फर्म्याच्या टोकाकडच्या कडेवरच टेकते. ती कड रेषेवर नसेल तर नाव आराखड्यापेक्षा रुंद होते. सगळे फर्मे उभे झाले की एक पातळ, निर्दोष पट्टी त्यांच्यावर आडवी टेकवावी आणि एक डोळा मिटून टोकाकडून तिच्या कडेने नजर टाकावी. एखाद्या फर्म्यावर ती उचलली जात असेल किंवा एखाद्याला स्पर्शच करत नसेल, तर तो फर्मा तिथेच दुरुस्त करायचा असतो. कवच तयार झाल्यावर रंधा चालवून हा दोष जात नाही. लाकूड तेवढे पातळ होते.

दुसरा मुद्दा आराखड्यात फेरफार करण्याचा. अनुभवी रचनाकाराने काढलेला आणि पाण्यावर उतरून सिद्ध झालेला आराखडा घ्यावा आणि त्यातील मापांना हात लावू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. नाव अधिक वेगवान व्हावी म्हणून रुंदी थोडी कमी करण्याचा मोह अनेकांना होतो. पाण्याच्या पातळीवरील आकार नावेला कलंडण्यापासून जो आधार देतो, तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो; लांबी आणि वजन तेच ठेवून रुंदी 10 टक्क्यांनी घटवली तर हा आधार सुमारे 27 टक्क्यांनी घटतो. डोळ्यांना न जाणवणारा बदल बसणाऱ्याला मात्र पहिल्याच क्षणी जाणवतो. तसेच मजबुतीच्या नावाखाली लाकूड जाड करण्याचेही कारण नाही. 1883 साली अमेरिकेतील नावा बांधणारे कारागीर जे. हेन्री रश्टन यांनी नेसमक या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकासाठी बांधलेली ‘सेअरी गँप’ ही 9 फुटी कॅनू केवळ साडेदहा पौंडांची, म्हणजे पाच किलोपेक्षाही हलकी होती, आणि तिच्यातून त्या लेखकाने न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅडिरोंडॅक या डोंगराळ भागात लांबचा जलप्रवास केला. तेव्हा इपॉक्सी नव्हते आणि फायबरग्लासही नव्हते. पातळ लाकडाला योग्य आकार दिला की त्यातूनच ताकद येते, हे जाणणारा कारागीर होता.

इपॉक्सीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण येथे चूक झाली तर ती नावेपुरती राहत नाही. रेझिन (मूळ द्रव) आणि हार्डनर (त्याला कडक करणारा द्रव) यांचे प्रमाण उत्पादकाने दिले असेल तेच ठेवावे लागते. लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवल्यास मिश्रण कधीच पुरते कडक होत नाही. एकदम भांडेभर मिश्रण केले तर प्रक्रियेत निघणारी उष्णता आतच कोंडते, भांडे हाताला चटका देऊ लागते आणि कधी कधी त्यातून धूरही निघतो. म्हणून थोडे थोडे कालवावे आणि लगेच पसरावे. पांढरे, कोरडे कापड कवचावर अंथरून त्यावर मिश्रण ओतले आणि रबरी पट्टीने मधून कडांकडे सारत नेले की कापड पारदर्शक होते आणि खालच्या लाकडाचा रंग व रेषा एकदम गडद होऊन वर येतात. या क्षणी आणखी एक हात देण्याची इच्छा होते, ती आवरावी. कापडाची वीण दिसेल इतकेच इपॉक्सी ठेवून बाकीचे ओढून काढावे. जादा थराने वजन वाढते, ताकद वाढत नाही. वीण भरण्यासाठी पुढचे पातळ हात असतातच. हवा तापत असताना हे काम केल्यास लाकडातील हवा प्रसरण पावून बुडबुडे वर येतात, त्यामुळे तापमान उतरू लागल्यावर काम सुरू करावे. सूर्यप्रकाशात इपॉक्सी खराब होते, म्हणून अतिनील किरण अडवणारे वॉर्निश त्यावर हवेच.

शरीराला होणारा त्रास याहून गंभीर आहे. इपॉक्सी वारंवार त्वचेला लागल्यास कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते आणि मग आयुष्यभर त्या वस्तूजवळ जाता येत नाही. हातमोजे सुरुवातीपासून वापरावेत आणि हाताला लागलेले इपॉक्सी थिनरने कधीही पुसू नये, कारण त्याने ते त्वचेत अधिक मुरते. पुरते न सुकलेले इपॉक्सी घासताना उडणारी धूळ तितकीच वाईट. पट्ट्यांसाठी आवडीने वापरल्या जाणाऱ्या वेस्टर्न रेड सीडर या लाकडाच्या धुळीने दमा होतो हेही वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. चेहऱ्यावर घट्ट बसणारा, धूळ गाळणारा मुखवटा ही हौशी माणसाच्या यादीतली पहिली खरेदी असली पाहिजे.

नाव पूर्ण झाल्यावर ती उथळ पाण्यात नेऊन मुद्दाम काठोकाठ भरून पाहावी. लाकूड तरंगते हे खरे, पण पाण्याने भरलेली कॅनू आतल्या माणसांना आधार देईलच असे नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे किंवा घट्ट बांधलेल्या हवेच्या पिशव्या लागतात. ही चाचणी आणि अंगावर जीवरक्षक जॅकेट, या दोन गोष्टींवाचून कोणालाही, विशेषतः मुलांना, त्या नावेत बसवू नये.

वृत्तपत्राने या कामात पडावे का, असा प्रश्न कोणी विचारील. ब्रिटनमधील ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने 1962 साली घरी बांधता येईल अशा शिडाच्या छोट्या नावेला पाठबळ दिले. रचनाकार जॅक होल्ट आणि दूरचित्रवाणीवर घरगुती कारागिरी शिकवणारे बॅरी बकनेल यांनी ती तक्ते टाचण्याच्याच पद्धतीने बेतली होती. वृत्तपत्राच्या रंगाला अनुसरून तिची शिडे लाल होती आणि पुढे अशा 70 हजारांहून अधिक नावा झाल्या. त्यांतल्या कितीतरी सामान्य कुटुंबांनी घरीच बांधल्या.

आपल्या पुरवणीत इतका विस्तार शक्य नसेल, तरी रचनाकाराची रीतसर परवानगी घेऊन एका साध्या कॅनूचा आराखडा क्रमशः छापता येईल. त्यात प्रत्येक फर्म्याची मापे तक्त्यात आकड्यांनी द्यावीत, कारण छपाईत चित्र लहानमोठे झाले तरी आकडे बदलत नाहीत. साहित्याची यादी पहिल्याच भागात यावी, इपॉक्सीबाबतच्या सूचना त्या कामाच्या आधीच्या भागात याव्यात आणि मापात काही चूक राहिल्यास तिची दुरुस्ती पुढच्याच अंकात ठळकपणे छापावी. मजकूर तपासण्यासाठी किंवा वाचकांच्या शंकांना उत्तरे देण्यासाठी माझा उपयोग होणार असेल, तर मी ते काम विनामूल्य आणि आनंदाने करीन.

आपला विश्वासू,
एक वाचक