तुझं तू बघ

प्रिय बाळा,

तू गेलास त्याला आज सहा दिवस झाले. पोचल्याचा निरोप मिळाला. बाबांचा खोकला आता बराच कमी आहे. तुझ्या चष्म्याचं घर इथेच राहिलंय, ताई येईल तेव्हा तिच्याबरोबर पाठवते.

पैशांचा विषय पत्रात काढायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण पत्र त्यासाठीच लिहितेय, तेव्हा उगाच इकडचं तिकडचं लिहीत बसत नाही. रविवारी रात्री तू गॅलरीत फोनवर बोलत होतास. मी कपडे काढायला आले होते, ऐकायचं म्हणून आले नव्हते. पलीकडचा माणूस रडत होता, ते मला दारापर्यंत ऐकू येत होतं. तू बराच वेळ काहीच बोलला नाहीस. मग म्हणालास, "त्याचं मी काय करू? तुझं तू बघ." आणि फोन बंद केलास. आत येऊन बाबांना म्हणालास, "यहूदा आहे तो, यहूदा."

त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही. तुझ्या पैशांपायी नाही रे. ते गेले त्याचं दुःख आहेच. आठ वर्षं तुम्ही दोघांनी मिळून उभा केलेला धंदा त्यानं, तुझ्याच भागीदारानं, आतून पोखरला. केसानं गळा कापला म्हणतात तो हाच. तू गाडी विकून कामगारांचे दोन महिन्यांचे पगार चुकते केलेस, हे तू मला सांगितलं नाहीस, ताईनं सांगितलं. मी प्रार्थनेत देवापुढे ते पुन्हा पुन्हा बोलून दाखवलं, जणू त्याला माहीत नव्हतं. इतका अभिमान वाटला मला. पण झोप उडाली ती त्या तीन शब्दांनी.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 27वा अध्याय काढून बघ. यहूदा येशूचा शिष्य, तीस नाण्यांसाठी त्यानं चुंबन घेऊन येशूला शत्रूंच्या हाती दिलं, आणि त्याची गोष्ट आपण सगळे त्या चुंबनापाशी सोडून देतो. पुढचं कुणी वाचत नाही. येशूला शिक्षा झाली हे पाहून त्याला पस्तावा झाला. ती चांदीची तीस नाणी घेऊन तो याजकांकडे परत गेला. म्हणाला, मी पाप केलं, निर्दोष माणसाला धरून दिलं. आणि याजक काय म्हणाले? "त्याचं आम्हाला काय? तुझं तू बघ." देवाच्या मंदिरात, देवाची सेवा करणारी माणसं! समोर माणूस पाप कबूल करतोय, पैसे परत करतोय, आणि त्याला बसायलासुद्धा कुणी सांगत नाही. त्यानं नाणी तिथेच फेकली आणि तो निघून गेला. जाऊन त्यानं जीव दिला. त्याहून जास्त मला लिहवत नाही.

नाणी मात्र याजकांनी वेचली. रक्ताचं मोल म्हणून ती दानकोशात चालेनात, मग त्यांतून परक्यांना पुरायला कुंभाराचं शेत घेतलं. पैशांचं काय करायचं यावर त्यांची मसलत झाली, माणसाचं काय करायचं यावर नाही.

तो एकटा आहे का रे सध्या? त्याची बायको माहेरी गेली असं ताई म्हणत होती.

तुला राग येत असेल की आई त्याची बाजू घेतेय. नाही घेत. त्यानं केलं ते पापच आहे, त्याला मी दुसरं नाव देणार नाही. सैतान यहूदात शिरला असं लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो, योहानही लिहितो, पण म्हणून येशूनं त्याला मोकळं सोडलं नाही. त्या माणसाची केवढी दुर्दशा होणार, असंच म्हणाला. आणि योहान तर आधीच सांगून ठेवतो की तो चोर होता, शिष्यांच्या पैशांची डबी त्याच्याकडे असे आणि तिच्यातलं तो काढून घेत असे. बेथानीच्या मरीयेनं जटामांसीचं तेल येशूच्या पायांवर ओतलं तेव्हा हाच म्हणाला, हे तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिलं नाही? दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. तेलाची किंमत त्यानं चटकन सांगितली, जवळजवळ वर्षाची मजुरी. आणि गुरूची? तीस नाणी. ते शेकेल, म्हणजे त्या काळचं चांदीचं नाणं, धरले तर चारेक महिन्यांची मजुरी होते. बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात, 21व्या अध्यायात, बैलानं दास मारला तर धन्याला द्यायची भरपाई तेवढीच, तीस शेकेल. ज्याच्या हातात रोज पैसा खेळतो त्याचं मोजमाप असं बिघडत जातं. लोभ एका रात्रीत येत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आता एक गोष्ट लिहिते ती बाबांना माहीत आहे, ताईला थोडी, तुला मुळीच नाही.

तू नववीत होतास, बाबा अंथरुणाला खिळले होते ते वर्ष. स्त्रीसभेची पैशांची पेटी माझ्याकडे असे. लाकडी, पितळी कडीची, तू तिच्यावर चढून फळीवरची पुस्तकं काढायचास तीच. तुझी फी भरायची होती. मी पेटीतून पैसे काढले. दोनदा मोजले, चिठ्ठीवर आकडा आणि तारीख लिहिली, चिठ्ठी पेटीत ठेवली. पगार झाला की ठेवायचे, उसनेच तर आहेत. दुसऱ्या वेळी औषधं होती. चिठ्ठी लिहायला घेतली आणि वाटलं, लक्षात आहे की माझ्या. तिसऱ्या वेळी मी मोजलेसुद्धा नाहीत. हात आत घातला, आले तेवढे घेतले, कडी लावली. अजून त्या कडीचा आवाज मला आठवतो, कारण ती वाजू नये म्हणून मी ती बोटानं दाबून धरली होती. घरात जागं कुणी नव्हतं. मग मी कुणापासून लपवत होते?

वार्षिक हिशेब जवळ आला तेव्हा मला दरदरून घाम फुटायचा. सभेतल्या एक मावशी होत्या, आता प्रभूघरी गेल्या. एका संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला ओरडलं नाही, जवळही घेतलं नाही. चष्मा लावला, वही उघडली आणि म्हणाल्या, "बस. दोघी मिळून बेरीज करू." पुढच्या सभेत मी उभी राहून बोलले. कुणी वर बघेना. मावशी उठल्या, आपली खुर्ची उचलून आणली आणि माझ्या शेजारी मांडून बसल्या. पैसे फेडायला मला सात महिने लागले. पेटी माझ्याकडून काढून घेतली आणि पुन्हा कधी दिली नाही. बरोबरच केलं.

म्हणून म्हणते, तू त्याच्या हाती पुन्हा हिशेब दे असं मी सांगत नाही. वकिलाचं चालू दे. जक्कय नावाच्या जकातदारानं येशूसमोर चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं, याला निदान घेतलेलं तरी परत करू दे. क्षमा करणं म्हणजे वही फाडणं असं शास्त्रात मला कुठे सापडलं नाही. पण मला त्या दिवशी "तुझं तू बघ" म्हटलं असतं ना बाळा, तर मी त्या घरातून निघून घरी आले असते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास.

इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या 4थ्या अध्यायातली तीन वचनं ओळीनं वाच, 26, 27 आणि 28. इतकी वर्षं मी ती सुटी सुटी पाठ म्हणत आले. परवा रात्री एकत्र वाचली. पहिल्यात रागावलेला माणूस आहे, त्यानं सूर्य मावळायच्या आत राग सोडावा. तिसऱ्यात चोर आहे, त्यानं पुन्हा चोरी करू नये, हातांनी कष्ट करावेत, म्हणजे गरजवंताला द्यायला त्याच्याजवळ काही असेल. आणि या दोघांच्या मधे सैतान उभा आहे, त्याला वाव देऊ नका म्हणून. एका बाजूला तू, एका बाजूला तो. सैतानानं आधी लुटणाऱ्याच्या कानाशी लागायचं, घे, उसनेच आहेत. मग तो रडत आला की लुटल्या गेलेल्याच्या कानाशी लागायचं, ठेव फोन. काम एकच.

बघ, उपदेश सुरू झाला माझा. तू दमून आला होतास, तुझी झोप गेलेली, जेवणावर वासना नाही, आणि मी इथून वचनं मोजतेय. माफ कर. तुझ्या जागी मी असते तर फोन उचललासुद्धा नसता कदाचित. तू उचललास.

मला सारखं आठवतं, परीक्षेच्या वेळी तो महिनाभर आपल्याकडे होता. सकाळी उठून स्वतःची चादर घडी करायचा, वर तुझीही करायचा, कारण तू कधीच करायचा नाहीस. जाताना माझ्या पाया पडला आणि "आई" म्हणाला. खाल्ल्या घरचे वासे मोजले त्यानं, खरं आहे. 41व्या स्तोत्रात तेच दुःख आहे, माझं अन्न खाणाऱ्यानंच माझ्यावर लाथ उगारली. येशूनं ते वचन शेवटच्या भोजनाच्या वेळी म्हटलं, पण केव्हा, तर बारा शिष्यांचे पाय धुऊन झाल्यावर. यहूदा अजून उठून गेला नव्हता. त्याचेही पाय धुतले गेले होते. मग त्याला घास दिला, तो बाहेर गेला, आणि योहान एवढंच लिहितो की रात्र होती.

पेत्र या शिष्यानंही त्याच रात्री येशूला तीनदा नाकारलं, शपथा घेऊन. पण रविवारी सकाळी मग्दालीया मरीया येशूच्या कबरेवरून धावत आली तेव्हा पेत्र दुसऱ्या शिष्याबरोबर होता. कुणाच्या तरी सोबतीला होता तो. यहूदा याजकांकडे एकटा गेला आणि तिथून एकटाच निघाला. हे मी पूर्वी कधी लक्षात घेतलं नव्हतं.

एक कबूल करायचं राहिलं. मी त्याला फोन केला. तुला न विचारता. मंगळवारी दुपारी एकदा आणि काल रात्री नऊला एकदा. दोन्ही वेळा पूर्ण घंटी वाजली, कुणी उचलला नाही. नंबर जुना असेल, झोपला असेल, माझं नाव बघून लाज वाटली असेल, मी हजार कारणं मनाला देतेय. तुझ्याकडे त्याचा नवा नंबर आहे. क्षमा केली वगैरे काही बोलू नकोस, ते मनात नसेल तर खोटं होईल. नुसतं विचार, कुठे आहेस, जेवलास का, सोबत कोण आहे. नाहीतर तुमच्या त्या तिसऱ्या मित्राला त्याच्या खोलीवर पाठव. पण आजच्या आज पाठव.

हे पत्र तुला मिळेपर्यंत मी आणखी एकदा लावून बघणार आहे. बाबा म्हणतात, सकाळी लाव, सकाळी माणूस उचलतो.

तुझी,
आई