दगडाला बोलू दे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. समुपदेशनाचं काम सुरू केल्यापासून तू पहिल्यांदाच इतकं मोकळेपणानं लिहिलंस, फार बरं वाटलं. समोरची बाई म्हणाली, "छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं." तू लगेच विचारलंस, "कसलं दडपण आहे?" आणि तिथून बोलणं कोरडं होत गेलं. आता तू विचारतोयस की दुसरं काय करता आलं असतं.

मी गेस्टाल्ट पद्धतीनं काम करते, म्हणजे अर्थ लावण्यापेक्षा माणसाच्या आत्ताच्या अनुभवाकडे लक्ष देणाऱ्या मानसोपचाराच्या रीतीनं. तिथून मला वाटतं ते आधीच सांगते: दगडाचा अर्थ लावू नकोस. दडपण हे तू काढलेलं नाव आहे, दगड तिचा आहे. तिनं तो तुझ्यासमोर आणून ठेवला आणि तू त्याला ओलांडून पुढे गेलास, म्हणून ती तुझ्या प्रश्नांना नुसती उत्तरं देत राहिली.

दगडापाशी थांबायचं. केवढा आहे? गार आहे का? नेमका कुठे टेकलाय, हात ठेवून दाखवता येईल? श्वास घेतला की हलतो? हे सांगण्यासाठी तिला छातीकडे लक्ष द्यावं लागतं, आणि इतका वेळ नुसतं बोलण्यात असलेलं काहीतरी अंगात जाणवायला लागतं. मग, ती तयार असेल तर, सुचवायचं: "थोडा वेळ तुम्हीच तो दगड व्हा. 'मी' म्हणून बोला." समज, ती म्हणाली, "मी जड आहे. मी हिला उठू देत नाही." आणि जरा थांबून, "मी बाजूला झालो तर ही रडायला लागेल आणि मग थांबायचीच नाही." सुहास, हे तुला-मला बाहेरून सुचलं असतं का? आपण दगड हटवायला निघालो होतो, आणि तो तर तिला सांभाळत बसलाय. इतकी वर्षं सगळं धरून ठेवणारी ती ताकद तिचीच आहे. दगडाच्या तोंडून "मी" म्हणताना ती पुन्हा तिच्या हाताशी येऊ लागते.

पुढे कदाचित तिला आठवेल की रडणं म्हणजे दुबळेपणा, हे वाक्य तिनं लहानपणीच न चावता गिळलंय. गेस्टाल्ट उपचारपद्धती उभी करणाऱ्या फ्रिट्झ पर्ल्सनं दक्षिण आफ्रिकेत असताना १९४०च्या दशकात काढलेल्या आपल्या पहिल्या पुस्तकात हेच रूपक उभं केलं: बाळाला दात येतात तसं ते चावायला, चव घ्यायला, नको ते थुंकायला शिकतं, आणि विचारांचंही तसंच व्हायला हवं. त्यामागे त्याची बायको आणि सहकारी लॉरा पर्ल्सनं बाळांच्या खाण्याची केलेली निरीक्षणं होती. म्हणजे या उपचारपद्धतीच्या पायातच एक रूपक आहे. या पद्धतीला रूपकं वर्ज्य कशी असतील!

स्वप्नांच्या बाबतीतही पर्ल्सनं अर्थ सांगण्याचं काम सोडून दिलं. फ्रॉइडनं स्वप्नाच्या अर्थाकडे अबोधाचा राजमार्ग म्हणून पाहिलं होतं. पर्ल्स स्वप्नाला एकात्मतेचा राजमार्ग म्हणायचा. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एसालेन या शिबिरकेंद्रात तो माणसाला गटासमोर स्वप्न वर्तमानकाळात सांगायला लावी. मग त्यातला रस्ता, बंद दार, पाठलाग करणारा, एकेक होऊन बोलायला लावी, कारण ते सगळे स्वप्न पाहणाऱ्याचेच अंश. रिकाम्या खुर्चीत कुणीतरी बसलंय असं मानून त्याच्याशी बोलायची रीतही त्यानंच प्रसिद्ध केली, पण तिचं मूळ जेकब मोरेनोच्या सायकोड्रामात, म्हणजे प्रसंग वठवून उपचार करण्याच्या पद्धतीत आहे. पर्ल्सची नजर विलक्षण होती हे मी मानते, पण गटासमोर एकदाच भेटलेल्या माणसाला तडक कड्यापर्यंत नेण्याची ती रीत मला पटत नाही. मी लॉराच्या बाजूची. माणसाला जेवढा आधार जाणवतो तेवढाच संपर्क, स्वतःशी आणि समोरच्याशी, तो पेलू शकतो, हे तिचं सांगणं मी रोजच्या कामात धरून असते.

म्हणून प्रयोगाची, म्हणजे दगड होण्यासारखं काही करून बघायला सुचवण्याची, मात्रा ठरवायला शीक. गेस्टाल्ट उपचारक जोसेफ झिंकरनं १९७७च्या पुस्तकात यावर फार चांगलं लिहिलंय: प्रयोग तयार साच्यातून काढायचा नसतो, तो त्या माणसाबरोबर त्याच वेळी घडवायचा आणि त्याला झेपेल इतका लहान-मोठा करायचा. दगड होणं तिला जड वाटलं तर दगडाचं चित्र काढू दे, किंवा तो खोलीत कुठे ठेवावासा वाटतो एवढंच विचार. ज्यानं तिला छळलं त्याला पहिल्याच भेटीत समोरच्या रिकाम्या खुर्चीत कल्पनेनं बसवायला सांगू नकोस. आणि जिला खरं काय नि भास काय हे सांगणंच अवघड झालंय, किंवा जी बोलता बोलता हरवून जाते, तिच्याबरोबर कल्पनेत शिरूच नकोस. तिथे पाय जमिनीला टेकलेले जाणवणं, खोलीतल्या वस्तू पाहणं, एवढंच काम पुरे, आणि अनुभवी मार्गदर्शकाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

माणसं आपल्या आयुष्याच्या गोष्टी सांगतात, त्याबद्दलही तू विचारलं होतंस. गेस्टाल्टवाल्यांना गोष्टींचा थोडा संशय असतो, आणि तो रास्त आहे. काही माणसं आपली कहाणी इतक्या वेळा सांगून बसलेली असतात की सांगताना आवाज जराही हलत नाही. तिथे त्या माणसाला तीच गोष्ट घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून सांगायला सांगून बघ, किंवा कायम गाळलं जातं तेवढं एकच दृश्य आत्ता घडतंय असं. पण मी गेस्टाल्ट उपचारक एर्विंग पोल्स्टरचीही चाहती आहे. प्रत्येक माणसाचं आयुष्य कादंबरीच्या तोलाचं असतं, या विश्वासावर त्यानं १९८७ साली अख्खं पुस्तक लिहिलं. "माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नाही," असं म्हणणाऱ्यापुढे बसताना मला तो विश्वास लागतो. कुणीतरी उत्सुकतेनं "मग?" असं विचारलं की त्याच माणसाला तपशील आठवू लागतात.

लहान मुलांबरोबरच्या कामासाठी गेस्टाल्ट उपचारक व्हायोलेट ओकलँडरचं १९७८चं पुस्तक जरूर मिळव. ती मुलाला डोळे मिटून गुलाबाचं झुडूप व्हायला सांगते: मुळं कशी आहेत, काटे आहेत का, तुझी काळजी कोण घेतं? मग चित्र, मग झुडूप म्हणून बोलणं, आणि शेवटी हळूच, यातलं काही तुझ्या आयुष्याशी जुळतं का? मूल नाही म्हणालं तर तिथेच थांबायचं. ते "नाही" मला फार मोलाचं वाटतं. मोठ्यांनाही तसं म्हणायची मोकळीक असायला हवी.

कधी ऐकता ऐकता तुझ्याच मनात चित्र उमटेल. ते सांगायला हरकत नाही, पण "मला असं दिसलं, तुम्हाला लागू नसेल तर सोडून द्या," असं म्हणून. तिनं ते बदललं तर तिचं घे, आपलं सोड.

आणि बदल घडवायची घाई नको. मनोविकारतज्ज्ञ आर्नल्ड बाइसरनं १९७०च्या लेखात मांडलंय की माणूस जसा आहे तसा पुरता झाला की बदलतो, दुसरं काही होण्याच्या धडपडीतून नाही. बाइसर स्वतः नावाजलेला टेनिसपटू होता आणि ऐन तारुण्यात पोलिओनं त्याचं शरीर लुळं पडलं, म्हणून हे वाक्य मला त्याच्याकडून ऐकावंसं वाटतं. तुझ्या त्या बाईला आधी पुरेपूर दगड होऊ दे.

पुढच्या भेटीत तिनं दगडाचा विषय काढला नाही तर तूही काढू नकोस. त्या दिवशी तिच्यासमोर जे ठळक असेल तिथून सुरू कर, मग तो घसा असो, आईशी झालेलं भांडण असो की नुसता कंटाळा. काय झालं ते कळव, तिची ओळख पटेल असं काही न लिहिता. आणि ऐकताना तुझ्या स्वतःच्या छातीत काय होतं, तेही लिही.

तुझी,
मेधा