काकूंच्या दोन ट्यूबा

एडिंबरा, 16 नोव्हेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू वाईभर सांगतेस, म्हणून पत्र. आईकडून मोठ्यानं वाचून घे. शेजारच्या काकूंना तू म्हणे सांगितलंस, नात स्कॉटलंडात गोरं व्हायचं क्रीम शोधतेय. काकूंनी लगेच दोन ट्यूबा सांगून ठेवल्या!

अगं, मी काम करते ते कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर. मेलॅनोसाइट म्हणतात त्यांना. पण या पेशी कानातही असतात, पार आत, जिथे जन्मात ऊन पोचत नाही. तिथे रंग कुणाला दाखवायचाय?

काल दिवसभर तेच बघत बसले होते. उंदराच्या कानातला शंख, म्हणजे ऐकण्याचा शंखासारखा वेटोळा अवयव, मोहरीहून मोठा, ज्वारीहून लहान. उकडलेल्या अंड्याचं टरफल काढावं तसं सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं त्याचं हाड सोलायचं. हात हलला की गेला. काळ्या उंदराचा शंख नीट सोलला गेला, की आतल्या भिंतीवर काजळाची बारीक रेघ दिसते. त्या रेघेत या पेशी. कानातल्या पाण्यात पोटॅशियम भरलेलं राहतं आणि साधारण 80 मिलिव्होल्टचा विजेचा दाब टिकतो, तो त्यांच्या जिवावर. या बॅटरीवरच कान चालतो.

आपली सायली आठवते? पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची. दुधाची वाटी घेऊन तू हाका मारायचीस आणि ती ढिम्म. ‘माजलीय मेली!’ आजी, ती बहिरी असणार गं. या पेशी गर्भात पाठीच्या बाजूनं निघून अंगभर जातात. तिच्या कानापर्यंत पोचल्याच नसतील. निळ्या डोळ्यांच्या मांजरांचं बहिरेपण डार्विननंही 1859 मध्ये लिहून ठेवलंय. उलट आमच्याकडचे लाल डोळ्यांचे पांढरे उंदीर रंगानं कोरे, तरी ऐकतात. पेशी जागेवर असते, नुसता रंग बनत नाही. कानाला तेवढं पुरतं. मला तर हे कळलं तेव्हा जेवण सुचेना.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मेंदू बघते. कातडीला ‘काळी हो’ सांगणारं संप्रेरक ज्या कुलपात बसतं, तसंच एक कुलूप मेंदूत भूक आवरायला असतं. (कातडीतलं कुलूप बिघडलं की केस लाल होतात, हे 1995 मध्ये कळलं. इथल्या ट्राममध्ये असे लालकेशे रोज भेटतात.) जन्मजात दोषामुळे भूक भागतच नाही अशा काही रुग्णांसाठी सेटमेलॅनोटाइड नावाचं इंजेक्शन आहे, 2020 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. किल्ली मेंदूची, पण ती कातडीच्या कुलपातही फिरते, आणि माणूस सावळा होतो. हे वाचताना तुझाच चेहरा डोळ्यांपुढे आला: वजन उतरलं, पण पोरगी काळवंडली!

तुझ्या कानाचं दुखणं वयाचं, सायलीचं नव्हे. देवघराच्या खणात ठेवलेलं मशीन काढ, सेल बदलून घे. रविवारी फोन करीन तेव्हा ते कानात हवं.

आणि ट्यूबांचं काय ते काकूंना तूच सांग.

तुझी,
छकुली