विनातिकीट वाक्यांबद्दल बाईंना उघडं पत्र

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

पाकिटात घालून पत्र पाठवलं असतं तर तुम्ही ते एकदा वाचून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं असतं आणि कुणाला सांगितलंही नसतं. म्हणून हे उघडं लिहितेय. फी विचारली तेव्हा "येताना गवती चहा आण" म्हणाला होतात. त्या हिशेबानं माझ्याकडे अजून बरंच येणं निघतं तुमचं.

तुमच्याकडे आले तेव्हा आयेल्ट्सचा, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचा, पहिला निकाल हातात होता. बाकी तिन्हीत सात किंवा वर, आणि रायटिंगमध्ये सहा. इंग्लंडच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला रायटिंगमध्ये ६.५ लागतात. अर्ध्या बँडवर, म्हणजे अर्ध्या गुणावर, घोडं अडलेलं. आयसीयूत रात्रपाळ्या काढलेली बाई मी, आणि एका आलेखावर दीडशे शब्द धड लिहिता येत नव्हते. ज्या क्लासला जात होते तिथे वाढ आणि घट सांगायला चाळीसेक शब्द पाठ करून घेतले होते. सोअर्ड, प्लमेटेड, स्कायरॉकेटेड. एकच शब्द दोनदा वापरायचा नाही, एवढाच मंत्र. मी तो इमानानं पाळत होते.

तुमच्यापुढे ठेवलेलं पहिलं पान मला अजून दिसतं. जनगणनेतले मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांचे आकडे तुम्हीच काढून दिले होते, आणि मी लिहिलं होतं, ‘मुंबई सिटी डिक्रीज्ड ड्रॅमॅटिकली.’ तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "आकसली होय गं? गरम पाण्यात धुतली का?"

मग पेन्सिलीनं समासात एक छोटा चौकोन काढलात, त्यात चार घरं केलीत आणि लिहिलंत: काय, कुठून, कुठे, कधी. वर म्हणालात, "माझे वडील एसटीत कंडक्टर होते. गाडीत माणूस चढला की ते एवढंच विचारायचे, कुठून कुठे. नुसतं ‘चाललोय’ म्हणून तिकीट फाटत नाही. तुझं हे वाक्य विनातिकीट आहे, उतरव त्याला."

चौकोन भरायला मला वीस मिनिटं लागली. परीक्षेत अख्ख्या पहिल्या टास्कला, म्हणजे आलेखावरच्या प्रश्नाला, तेवढीच असतात. काय, तर मुंबई नव्हे, मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या. कुठून, ३३.३८ लाखांवरून. कुठे, ३०.८५ लाखांवर. कधी, २००१ ते २०११. लाख तिकडच्या परीक्षकाला कळायचे नाहीत म्हणून मिलियन करायला लावलेत. शेवटी वाक्य झालं, ‘द पॉप्युलेशन ऑफ मुंबई सिटी फेल फ्रॉम ३.३४ मिलियन इन २००१ टू ३.०९ मिलियन इन २०११.’ आणि मग तुम्ही विचारलंत, "आता ते ‘ड्रॅमॅटिकली’ कुठे बसवतेस?" दहा वर्षांत साडेसात टक्के घट. कुठेच बसेना. आकडे गाडीत चढले तसं ते क्रियाविशेषण आपलं आपण उतरून गेलं. क्लासच्या चाळीस शब्दांपैकी तीसेक मी त्याच आठवड्यात विसरले, आणि त्याचं मला काही वाईट वाटलं नाही.

तुम्ही इंग्रजी मराठीतून शिकवलंत, याचे आभार मला वेगळे मानायचेत. मी ‘द फेअर इन्क्रीज्ड १० रुपीज’ लिहायची आणि तुम्ही विचारायचात, "दहा रुपयांनी वाढलं की दहा रुपयांवर गेलं? भाजीवाल्यानं सांगितलं तर तुझी आई यात फसेल का?" नाही फसणार. ‘नी’ म्हणजे बाय, ‘वर’ म्हणजे टू, ‘वरून’ म्हणजे फ्रॉम. जे बोट धरून मी लहानपणापासून बाजार करत होते, तेच इंग्रजी लिहिताना सोडून देत होते. राइज आणि रेज यांत माझा कायम गोंधळ. तुम्ही एका ओळीत मिटवलात: राइज म्हणजे वाढणं, रेज म्हणजे वाढवणं. ‘प्रायसेस रेज्ड’ लिहिलं की विचारायचात, "किमतींनी काय वाढवलं? पोळी?"

पण मराठी दर वेळी कामाला येत नाही, हेही तुम्हीच दाखवलंत. आपण ‘गाड्या वाढल्या’ म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही. इंग्रजीत मात्र ‘द नंबर ऑफ कार्स’ वाढतो, गाडी बिचारी आहे तेवढीच राहते. आपण ‘मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त’ म्हणतो. ते तसंच इंग्रजीत नेलं की एकीकडे लोकसंख्या आणि दुसरीकडे शहर, अशी जोडी तराजूत बसते. ‘दॅन दॅट ऑफ पुणे’ हे ‘दॅट ऑफ’ माझ्या हातून महिनाभर गळत राहिलं. आणि नुसतंच ‘हायर’ लिहून पूर्णविराम दिला की तुमची पेन्सिल पानावर टकटक करायची. कशापेक्षा?

‘देअर वॉज ॲन इन्क्रीज’ हे माझं सगळ्यात लाडकं अर्धवट वाक्य. ऐकायला कसं भारदस्त वाटायचं. त्याला दोन शेपट्या लागतात, हे मी तुमच्याकडे शिकले. इन म्हणजे कशात, ऑफ म्हणजे कितीची. त्यावरून साक्षरतेचा तो वाद आठवतो का? महाराष्ट्राची साक्षरता २००१ मध्ये ७६.८८ टक्के, २०११ मध्ये ८२.३४. मी ठासून लिहिलं, ५.४६ टक्क्यांची वाढ. तुम्ही म्हणालात, टक्के नव्हे, पर्सेंटेज पॉइंट्स, दोन टक्केवारींतला नुसता फरक. वाढ ७६.८८ च्या टक्क्यांत काढशील तर सात टक्क्यांच्या आसपास येते. मी तासभर हुज्जत घातली, घरी जाऊन कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी गवती चहा जरा जास्तच आणला.

एकदा मात्र मी जिंकले होते, तेही लिहून ठेवते. सुरुवातीच्या सारांशातसुद्धा तुम्हाला चारही घरं भरलेली हवी होती. मी म्हटलं, बाई, ओव्हरव्ह्यूमध्ये आकडे लागत नाहीत, शहरात घट आणि उपनगरात वाढ एवढं चित्र पुरतं. तुम्ही नमुन्याची दोन उत्तरं वाचलीत, जरा वेळ गप्प बसलात आणि म्हणालात, "बरोबर. ती गाडीच्या कपाळावरची पाटी. पाटीवर भाडं लिहीत नाहीत." हरतानासुद्धा तुम्ही मला एक शिकवण्याची उपमा देऊन गेलात. ती मी इथे इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या दोन केरळच्या मुलींना इंग्रजीत समजावली. पाटी त्यांना लगेच कळली.

दुसऱ्या खेपेला रायटिंगमध्ये ७ आले, हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतंच. सांगायचं राहिलं ते पुढचं.

मला वाटलं होतं परीक्षा संपली की चौकोनही संपला. इथे वॉर्डात पेशंटची तब्येत ‘न्यूज टू’ नावाच्या गुणांवर मोजतात. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, ताप, शुद्ध, प्रत्येकातल्या बिघाडाला गुण. बेरीज पाचावर गेली की तातडीनं बघायचं, सातावर गेली की धावाधाव. पहिल्याच महिन्यात एका रात्री मी डॉक्टरांना फोन करून म्हटलं, ‘हर स्कोअर हॅज इन्क्रीज्ड.’ पलीकडून अगदी शांत आवाजात आलं, ‘फ्रॉम व्हॉट टू व्हॉट? सिन्स व्हेन?’ बाई, शपथेवर सांगते, मला तुमचाच आवाज ऐकू आला. फोन कानाला धरूनच मी समोरच्या कागदाच्या कडेला चौकोन काढला आणि सांगितलं: दोनवरून सहावर, दोन तासांत, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९६ टक्क्यांवरून ९१ वर, साध्या हवेवर. डॉक्टर दहा मिनिटांत आले.

आणि ‘नी’ अन् ‘वर’चं तर विचारूच नका. ‘डोस इन्क्रीज्ड ४०’ असं कुणी लिहून ठेवलं, तर तो चाळीस मिलिग्रॅमवर नेला की चाळीसनी वाढवला? पेशंट आधी वीसवर असेल, तर दुसऱ्या अर्थानं तो साठवर जातो. परीक्षेत यावर अर्धा बँड गेला असता. इथे मी तसं काही दिसलं की औषध हातात घेण्याआधी लिहिणाऱ्याला गाठते, आणि तो भेटेपर्यंत हलत नाही. सहकारी मला जरा चिकट समजतात. समजू देत.

दिवाळीला येतेय, सतरा दिवसांची रजा मंजूर झाली आहे. आई फोनवर रोज म्हणते, तू वाळलीस. तिचं वाक्य विनातिकीट आहे. माझं वजन ५४ वरून ५९ वर गेलंय, म्हणजे ५ किलोनी वाढलंय, गेल्या चौदा महिन्यांत. चकल्या बेतानंच करा.

तुमची विद्यार्थिनी