उजव्या बाजूचा अंधार घालवणाऱ्या उस्तादांस

आदरणीय उस्ताद,

सादर नमस्कार. गाडीच्या मागच्या दिव्यांची दुरुस्ती झाल्यावर बीडच्या आपल्या दुकानातून त्या सकाळी मी घाईने निघालो, कारण आईच्या तपासणीसाठी दुपारपर्यंत छत्रपती संभाजीनगरला पोहोचायचे होते. त्या गडबडीत आपले आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपले नाव कुठे छापू नये असे आपण सांगितले होते, म्हणून सगळे आपल्याला ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने आपल्याला संबोधत आहे.

आपल्याकडे येण्याआधी काय घडले होते, ते त्या दिवशी सविस्तर सांगता आले नाही. मार्गशीर्षातल्या एका रात्री बीडहून अंबाजोगाईला परतताना मांजरसुंब्याच्या घाटात उसाने भरलेली एक ट्रॉली एकाएकी पुढे दिसली. तिला मागे ना दिवा होता ना रिफ्लेक्टर. मी जोरात ब्रेक दाबला आणि आमच्या मागून येणारा टेम्पो जेमतेम हातभर अंतरावर थांबला. मागच्या सीटवर आई झोपलेली होती. टेम्पोवाला खाली उतरला, पण भांडला नाही, तो एवढेच म्हणाला, “भाऊ, ब्रेक मारला की तुमच्या गाडीची उजवी बाजू विझते. एकच लाइट दिसला, मला वाटलं मोटारसायकल आहे.”

त्यानंतर एका गॅरेजमध्ये उजवीकडचा बल्ब दोनदा बदलून झाला. दिवसा हेडलाइट बंद ठेवून ब्रेक दाबला, की मागे उभा असलेला माणूस म्हणे, “लागतो आहे, पण मंद आहे.” शेवटी मागची सगळी वायरिंग बदलावी लागेल आणि साडेचार हजार रुपये खर्च येईल, असे मला सांगण्यात आले.

आपण मात्र गाडीला हात लावण्याआधी टेम्पोवाल्याचे वाक्य माझ्याकडून दोनदा वदवून घेतले. मग हेडलाइट लावून मला ब्रेक दाबायला सांगितले आणि मागे जाऊन बसलात. उजवीकडचा टेल लाइट ब्रेक दाबताच विझत होता आणि त्याच बाजूचे इंडिकेटर मिणमिणत होते. “बल्ब गेला असता तर फक्त लागला नसता, दुसऱ्या दिव्याला विझवलं नसतं. याची अर्थिंग गेलीय,” हे आपले शब्द मला जसेच्या तसे आठवतात. मी नववीच्या वर्गाला धाराविद्युत शिकवतो, तरी ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

आमच्या गाडीत मागचे उजवीकडचे सगळे दिवे एकाच तारेने बॉडीला जोडलेले आहेत, हीच त्यांची अर्थिंग. ती जोडणी तुटली की वीज परतीची वाट दुसऱ्या दिव्यांतून शोधते. टेल लाइटच्या बल्बमधली ५ वॅटची तार (फिलामेंट) तोवर ब्रेक लाइटच्या २१ वॅटच्या फिलामेंटमधून परतीचा मार्ग काढून जळत होती. पण ब्रेक दाबला की त्या वाटेवरही बॅटरीचा दाब येतो, दोन्ही टोकांमधला फरक जवळजवळ संपतो आणि दिवा विझतो. हेच आपण गाडीच्या काचेवरच्या धुळीत बोटाने दोन रेघा ओढून आईलाही समजावून सांगितले, आणि तिला ते समजले.

त्यानंतरची आपली पद्धत मी कधी विसरणार नाही. केवळ अंदाजावर आपण एकही नट सैल केला नाही. ब्रेक दाबलेला ठेवून आपण मल्टिमीटरचे, म्हणजे व्होल्ट मोजण्याच्या यंत्राचे, एक टोक होल्डरच्या अर्थिंगला आणि दुसरे बॉडीच्या उघड्या धातूला लावले. जिथे जवळपास शून्य दिसायला हवे, तिथे ९ व्होल्ट दिसले. दिवा चालू असतानाच हे मोजायचे असते, प्रवाह वाहत नसेल तर खराब जोडणीही चांगलीच दिसते, असे आपण आवर्जून सांगितलेत. मग क्लिपा लावलेली एक लांब वायर होल्डरपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली, आणि उजवीकडचा ब्रेक लाइट लखलखीत लागला. आईने त्या क्षणी हात जोडले होते. आपले लक्ष मात्र होल्डरकडे होते.

डिकीचे अस्तर काढल्यावर खरे कारण हाती लागले. पूर्वी कधीतरी डेंटिंगचे काम झाले तेव्हा अर्थिंगचा बोल्ट नव्या रंगावरच आवळला गेला होता आणि त्याखाली पाणी जाऊन गंज चढला होता. आपण पॉलिश पेपरने घासून पत्रा चमकेपर्यंत रंग आणि गंज काढला, तारेच्या टोकाला नवे थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून बसवले, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावले आणि पुन्हा मोजले. आकडा ०.१ व्होल्टच्याही खाली आला होता. एवढ्यावर काम संपले असते, तरी आपण ब्रेक पेडलच्या वरचा, दिवे लावणारा स्विच तपासलात. पेडल बरेच खाली गेल्यावर दिवे लागत होते. आपण लॉकनट सैल करून तो असा बसवलात, की आता पाय टेकताच दिवे लागतात. त्या रात्री टेम्पोवाल्याला उशिरा इशारा मिळण्यात या ढिलाईचाही वाटा असावा, असे मला मनापासून वाटते.

या सगळ्याचे आपण २०० रुपये घेतले. मी अधिक देऊ केले, तेव्हा आपण “एक थिंबल अन् एक वॉशर लागलं, सर” म्हणून नोट परत माझ्या हातात दिलीत. आई गाडीत बसेपर्यंत आपण दार धरून उभे होता, हे तिने घरी आल्यावर सगळ्यांना सांगितले. तिचे आशीर्वाद आपल्याला कळवावेत, असा तिचा आग्रह आहे.

तो गंजलेला बोल्ट आणि जुने थिंबल मी आपल्याकडून मागून आणले होते. ते आता आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात आहेत. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आमच्या नववीच्या मुलांना आपण मल्टिमीटर घेऊन हा दोष शोधून दाखवावा, अशी माझी नम्र विनंती आहे. गाडी मी शाळेच्या आवारात उभी करून ठेवीन, आणि बोल्ट मुद्दाम सैल केलेला असेल. आपल्याला दुकान एक दिवस बंद ठेवावे लागू नये म्हणून सकाळी लवकर घ्यायला येईन आणि दुपारी पोहोचवीन.

आपला कृतज्ञ,
अंबाजोगाईचा एक विज्ञान शिक्षक