तक्रारीला पत्ता हवा

फोंडा, गोवा,
रविवार

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोनवरचे निरोप आई आणि मी दोघंही ऐकतो. वीज, बस, भांडी, शिफ्टचं वेळापत्रक, पाऊस. यातलं एकही खोटं नाही, त्यामुळे ‘तक्रार करू नकोस’ असं मी लिहिणार नाही. अडचण वेगळी आहे. विजेची तक्रार तू आईकडे करतेस, भांड्यांची ऑफिसातल्यांकडे आणि ऑफिसची खोलीवरच्या मैत्रिणींकडे. ज्याच्या हातात ती गोष्ट आहे तो एकटाच अंधारात, बाकी सगळ्यांना तपशीलवार माहिती!

तक्रारीवर अभ्यास करणाऱ्या रॉबिन कोवाल्स्की यांनी १९९६ साली तिचे दोन हेतू वेगळे मांडले: काही घडवून आणणं आणि मनातलं बाहेर काढणं. दोन्ही हेतू रास्त आहेत. घोटाळा होतो तो मनातलं बाहेर काढून झाल्यावर काहीतरी केल्यासारखं वाटतं, तेव्हा.

पहिला आठवडा काहीही बदलू नकोस. फोनमध्ये तीन रकाने कर: कधी, कुणाकडे, काय मागितलं. तक्रारीचा मजकूर लिहायची गरज नाही, तो तुला पाठ आहे. पहिल्याच दिवसापासून तोंडाला कुलूप लावलंस तर सवय कुठून सुरू होते तेच दिसत नाही, आणि साठलेलं सगळं शनिवारी एकदम बाहेर पडतं. तिसरा रकाना बहुतेक ओळींत रिकामा राहील. ‘कधी’च्या रकान्यात मात्र ठरावीक वेळा पुन्हा पुन्हा येतील: कामावरून आल्यावर जेवणाआधी, खोलीत पाऊल टाकताना, फोनवर पहिल्या वाक्यात. यातल्या बऱ्याच तक्रारी भुकेच्या असतात, थोड्या बोलायला विषय नसल्याच्या. मे महिन्यात कदंबच्या सरकारी बसमध्ये ‘काय हा उकाडा’ म्हणणं मोजू नकोस, तो आपल्याकडे नमस्काराचाच एक प्रकार आहे.

नंतर एक वेळ निवड, एकच. नखं खाण्यासारख्या सवयींसाठी मानसशास्त्रज्ञ एझ्रिन आणि नन यांनी १९७३ मध्ये जी पद्धत मांडली, तिचं सूत्र असं: सवय उफाळते त्या क्षणी तिच्यासोबत करताच येणार नाही अशी दुसरी कृती करायची. त्याला मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं ‘असं झालं तर मी तसं करीन’ हे वाक्य जोड, आणि ते लिहून ठेव. उदाहरणार्थ, ‘दार उघडून आत गेल्यावर ‘आज काय झालं माहितीये’ ओठांवर आलं तर मी आधी पेलाभर पाणी पिईन आणि समोरच्या मुलीला तिच्या दिवसाबद्दल विचारीन.’ ‘मी सकारात्मक राहीन’ हे वाक्य इथे निरुपयोगी, कारण त्यात वेळही नाही आणि कृतीही नाही. दुसरी काळजी अशी की नव्या कृतीतून जुन्या सवयीइतकं काहीतरी मिळालं पाहिजे. कुणीतरी आपल्याकडे लक्ष द्यावं म्हणून तू कुरकुरत असशील, तर नुसतं पाणी पिऊन भागणार नाही. तेव्हा सरळ माग: ‘दहा मिनिटं ऐक, उपाय नको.’

राग बाहेर काढला की निवतो, हे मात्र तितकंसं खरं नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे अधिक चिडले, आणि काहीच न करता बसलेले कमी. म्हणून एक गोष्ट एका माणसाला एकदाच सांगायची. दुसऱ्यांदा सांगताना त्यात काही नवं घडलेलं असेल तरच.

आता विजेकडे येतो, कारण तिथे तुझा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. दिवे गेले की आधी शेजारी पाहा. त्यांच्याकडे वीज असेल तर दोष बहुतेक तुमच्याच घरात. सगळे एमसीबी (प्रत्येक ओळीचे छोटे स्विच) खाली कर, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) वर कर, मग एमसीबी एकेक करून चढव. ज्या ओळीचा एमसीबी चढवताना आरसीसीबी पडेल, त्या ओळीत गळती आहे. पावसात बहुधा गीझर, वॉशिंग मशीन किंवा गॅलरीतला ओल धरलेला सॉकेट निघतो. ती ओळ खालीच ठेव आणि इलेक्ट्रिशियनला बोलाव. पुन्हा पुन्हा चढवत बसू नकोस. काही दिवे भगभगीत आणि काही मिणमिणते दिसले तर न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटल्याची शक्यता असते. तेव्हा आधी मेन स्विच बंद, मग फोन.

घरांची पूर्ण ओळ अंधारात असेल तर वीज तक्रारीचा क्रमांक १९१२. फोन लावण्याआधी हाताशी ठेव: बिलावरचा ग्राहक क्रमांक, खांबावर रंगवलेला क्रमांक, जवळची खूण, कधीपासून, आणि एकच घर की सगळा वाडा (वस्ती). शेवटी तक्रार क्रमांक विचारून लिहून घे. तो नसेल तर पुढच्या वेळी तू पहिल्यांदाच फोन करते आहेस असं धरलं जातं.

तिसऱ्यांदा तेच झालं की कागद लिहायचा. उपविभागाच्या सहायक अभियंत्यांच्या नावे, एक पान, एक विषय. जोडणी घरमालकांच्या नावावर असणार, तेव्हा सही त्यांची घे. मजकूर साधारण असा:

‘विषय: वीजदाब कमी असल्याबाबत. ग्राहक क्रमांक अमुक, खांब क्रमांक अमुक. दि. ३, ७ व ११ जून रोजी संध्याकाळी ७ ते १० या वेळेत दाब कमी होता. पंखा अतिशय हळू फिरत होता, फ्रीज सुरू होत नव्हता. शेजारच्या दोन घरांतही हीच स्थिती होती. १९१२ वरील तक्रार क्रमांक अमुक व अमुक. कृपया खांबावरील जोडणी व ट्रान्स्फॉर्मरवरील भार तपासावा आणि दुरुस्ती कधीपर्यंत होईल ते लेखी कळवावे.’

यात ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘बेजबाबदार’ हे शब्द नाहीत, ते बघ. ‘नेहमी’ला टेबलापलीकडचा माणूस ‘नाही हो, परवा नव्हतं’ म्हणू शकतो. ३, ७ आणि ११ जूनला तसं म्हणता येत नाही. त्याच अर्जात रस्ता, कचरा आणि भटकी कुत्री घुसवू नकोस. पाच विषयांचा कागद कुठल्या टेबलावर पाठवायचा हे कुणालाच ठरवता येत नाही, म्हणून तो आहे तिथेच राहतो. दोन प्रती ने, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घे. हा शिक्का तुझ्या आवाजापेक्षा मोठा. पंधरा दिवसांनी ती प्रत घेऊन जा आणि एकच प्रश्न विचार: हा कागद आता कुणाकडे आहे?

तरीही काही हाललं नाही तर माहिती अधिकार. २००५ चा कायदा, १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. मुदतीत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. माहितीच्या अर्जात ‘काम का केलं नाही’ विचारू नकोस, कारण या कायद्याने कागद मिळतात, जाब मिळत नाही. ‘माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत द्यावी’ असं माग. फाइलवर काहीच लिहिलेलं नसेल, तर ते कोरेपणही उत्तरात उघडं पडतं.

कचऱ्यासारखी बाब पंचायतीची. ग्रामसभेत बोलायचं तर त्या पंचायतीच्या मतदारयादीत नाव हवं. तुझं नाव फोंड्यात आहे, म्हणून तिथे घरमालकांना पुढे कर आणि विषय इतिवृत्तात लिहून घ्यायला सांग. ओरडून झालेली ग्रामसभा आणि इतिवृत्तात काहीच नाही, असं वाड्यावाड्यावर घडतं. दुकानातल्या सदोष मालासाठी आधी दुकानदाराला लेखी, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५.

माणसांपाशी अर्ज चालत नाहीत. तिथे वाक्याचे तीन भाग लागतात: काय घडलं, त्याने काय झालं, मला काय हवं. ‘हुमणाचं (माशांच्या कालवणाचं) भांडं रात्रभर तसंच राहिलं, सकाळी मुंग्या झाल्या. झोपण्याआधी त्यात पाणी घालून ठेवशील का?’ इतकंच. ‘जरा नीट राहा’ ही मागणी नव्हे. नीट म्हणजे नेमकं काय करायचं ते मैत्रिणीला कळत नाही, आणि ती नापास मात्र होते. तिन्ही मुलींच्या ग्रुपवर हे लिहू नकोस, टोमण्यात गुंडाळू नकोस, आणि ती भांडं घासत असताना तर मुळीच बोलू नकोस. एका वेळी एकच गोष्ट. ती ‘नाही’ म्हणाली तर वाद न घालता अदलाबदल सुचव: भांडी तिची, केर तुझा.

ऑफिसात तक्रार घेऊन जाशील तेव्हा सोबत दोन पर्याय ने, त्यातला तुला कुठला चालेल तेही सांग. ‘वेळापत्रक उशिरा लागतं’ ऐकून वरिष्ठ मान हलवतात. ‘शनिवारी रात्री लागल्याने सोमवार सकाळची सोय करता येत नाही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत लागेल का, किंवा निदान सोमवारची पहिली शिफ्ट तरी आधी कळेल का? कच्चा तक्ता मी करून देते’ याला त्यांना हो किंवा नाही म्हणावं लागतं. नाही म्हणाले तरी तुला कारण कळतं, आणि पुढची मागणी त्या कारणाला धरून करता येते.

पाऊस कुणाच्याच हातात नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तिथे मागणी नाही, फक्त तजवीज. कपडे दोनदा पिळून घे, पंख्याखाली दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेव, जीन्स ऑक्टोबरपर्यंत इथे पाठवून दे.

काही ठिकाणी मात्र हे सगळं गुंडाळून ठेवायचं आणि स्पष्ट तक्रारच करायची. पगार कापला, यंत्राचं संरक्षक कवच काढून काम करायला सांगितलं, कुणी अंगचटीला आलं, तर समजुतीची वाक्यं शोधू नकोस. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या जागी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. तारखा, निरोप, साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेव. आणि कुरकुरीच्या तळाशी झोप न लागणं, जेवण न जाणं, कशातच मन न रमणं दोन आठवडे टिकलं, तर ती सवय नव्हे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, किंवा आमच्यासोबत बांबोळीच्या मनोविकार संस्थेत चल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

२१ दिवसांत सवय बदलते, यावर विसंबू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं दिसलं, आणि माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडलं नाही, हेही त्याच अभ्यासातलं. चवथीला घर पाहुण्यांनी भरलं की तुझाही पाय घसरणार. तिथे गप्पांचा निम्मा मसाला रस्ते आणि सुना. कुणाला सुधारायला जाऊ नकोस. ‘वैताग येणारच’ आधी म्हण, मग जमलं तर ‘मग काय करायचं ठरवलंत?’ विचार. उलट क्रमाने विचारलंस तर तोच प्रश्न टोचतो.

आमच्यापुरतं आम्ही ठरवलंय की फोनवर आधी तुला विचारायचं: नुसतं ऐकायचं की सुचवायचं? आईला पहिलं जमतं, मला दुसरं, तेव्हा फोन कुणाला द्यायचा ते तूच सांग. विजेच्या अर्जाचा मसुदा या आठवड्यात लिहून पाठव. मी त्यात फक्त तारखा तपासीन.

तुझे
बाबा