इसार देण्याआधी

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

तू घ्यायची म्हणतेस त्या शेतजमिनीचा पाठवलेला सातबारा पाहिला. ‘नाव त्यांचंच आहे, मग इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, द्यायला काय हरकत?’ असं विचारतेस. हरकत आहे. सातबारा हा महसूल खात्याचा उतारा. मालकी मिळते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणी किंवा वारसा यातून. सातबाऱ्यावरची नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरतात, एवढंच तिचं वजन. मालकी एकाची, नोंद दुसऱ्याच्या नावे आणि कसतोय तिसराच, असंही असतं. तेव्हा तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या.

आधी क्षेत्र बघ. उताऱ्यावर 0.40 हेक्टर, म्हणजे 40 आर आहे आणि विकणारा ‘एक एकर’ म्हणतोय. एकर म्हणजे 40 गुंठे, पण गुंठा 1,089 चौरस फुटांचा आणि आर साधारण 1,076 चा. दर एकरावर ठरला तर जवळपास 500 चौरस फुटांचे पैसे तू फुकट देशील.

मग भूधारणा पद्धत. वर्ग 1, म्हणजे विक्रीवर असं बंधन नसलेली, असेल तर ठीक. वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री करता येत नाही, आणि ‘परवानगी काढून देतो’ या शब्दावर एक रुपयाही द्यायचा नाही. ‘इतर हक्क’ हा रकाना लोक वाचतच नाहीत. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथंच सापडतं. कर्ज फिटलं असं तोंडी सांगतील; बोजा कमी केल्याचा फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, दाखवायला सांग.

नावाशेजारचा आकडा फेरफार क्रमांकाचा. तलाठी फेरफार नोंदवतो, हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकतीसाठी 15 दिवस ठेवतो आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तुझ्या उताऱ्यावर वडिलांनंतर दोन भावांची नावं लागली आहेत. इथंच घोडं पेंड खातं. त्यांना बहिणी आहेत का? वारस नोंदीत नाव आलं नाही म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो आणखी स्पष्ट केला. बहिणींचं हक्कसोडपत्र असेल तर ते नोंदणीकृत हवं. नसेल, तर त्यांनाही खरेदीखतात लिहून देणार, म्हणजे विकणाऱ्यांपैकी, म्हणून घे.

दोघांपैकी एकच भाऊ विकायला तयार असेल तर तो फक्त आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो. ‘रस्त्याकडची बाजू माझी’ हे वाटणी झाल्याशिवाय खरं धरू नकोस.

साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याने मालकी येत नाही. विकणारा फिरला तर करार पुरा करून घेण्यासाठी दावा लावावा लागतो आणि त्याला मुदत 3 वर्षांची. खरेदीखत मात्र पूर्ण मुद्रांक भरून सही झाल्यापासून 4 महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करायचं. कुलमुखत्यारपत्रावर ‘विकत दिली’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नकोस; तसल्या व्यवहाराने मालकी येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं आहे.

आणखी एक. आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आपल्या गावच्या सातबाऱ्यावर तुझं नाव आहे, त्याचा उतारा जोड. लग्नानंतरचं नाव वेगळं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्रही लागेल. हे आयत्या वेळी शोधत बसू नकोस.

आता या जमिनीचे सगळे जुने फेरफार आणि 8अ, म्हणजे विकणाऱ्याच्या खात्याचा उतारा, काढ, वकिलाकडून 30 वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल घे, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दे. हद्दीसाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी मागव. बांध दाखवून ‘इथपर्यंत आपलं’ म्हणणं पुरेसं नाही. फेरफार हाती आले की मला पाठव. तोवर इसाराचा चेक लिहू नकोस, विकणारा कितीही घाई करो.

तुझी,
आई